मालवणी ताटावर बार्बारेस्को

आधी निकाल सांगते, बाकीचं मागाहून. ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या इटलीतल्या सहकारी संस्थेची साधी बार्बारेस्को, म्हणजे तिथली तांबडी वाइन, मिळाली तर जरूर घ्या. मटणाच्या किंवा काळ्या वाटाण्याच्या दिवशी उघडा. बांगड्याच्या वाऱ्यालाही तिला उभी करू नका. त्यांची महागडी रिझर्वा बरीच वर्षं थंडाव्यात सांभाळायची सोय नसेल, तर त्या वाटेला न गेलेलं बरं. एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

मी मालवणात खानावळ चालवते. वर खोल्या आहेत, त्यात पर्यटक उतरतात. पाहुण्यांना आम्ही दारू देत नाही, तसला परवाना आमच्याकडे नाही. खाली लिहिलंय ते सगळं घरच्या माणसांच्या ताटावरचं. (आम्हा नवराबायकोचे पिण्याचे परवाने आहेत, हे सांगून ठेवते. शेजारीही वाचतात.) वाइनचं शिक्षण मला काही नाही. पण वाटपाचं खोबरं मिनिटभर जास्त भाजलं गेलं तर ते मला बाहेरच्या पडवीत बसून वासाने कळतं. त्याच नाकाच्या भरवशावर लिहिते आहे.

लेक तुरीनला पॉलिटेक्निकमध्ये शिकते. गणपती झाले, म्हाळ उरकले आणि दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत मधले दिवस सापडले, तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तुरीनहून आल्बाला लोकल गाडीने तासाभराहून थोडं जास्त लागतं. आल्बा म्हणजे न्यूटेलावाल्या फेरेरोचं गाव. महायुद्धानंतर कोको मिळेना आणि आजूबाजूच्या टेकड्यांवर हेझलनट मुबलक, त्यातून १९४६ साली ती कंपनी इथे उभी राहिली. आमच्या यजमानांना तिथेच रमायचं होतं. लेकीने ओढून पुढे बार्बारेस्कोला नेलं.

या मुलखाला लांगे म्हणतात. पिएमोंते प्रांतातल्या या टेकड्यांची आणि तिथल्या द्राक्षमळ्यांची २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली. टेकड्या आपल्या घाटासारख्या अंगावर येणाऱ्या नाहीत, पण उतार चांगलेच आहेत. गाव माथ्यावर आणि मळे खाली उतरत गेलेले. कुठल्या उतारावर काय लावायचं हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. टेकडीच्या ज्या अंगावरचं बर्फ आधी वितळतं ती जागा नेब्बिओलोची. हे द्राक्ष हट्टी: फुलतं लवकर, पिकतं सगळ्यांच्या शेवटी, त्यामुळे ऊन जास्तीत जास्त लागतं. त्याहून थंड जागी दोल्चेत्तो किंवा बार्बेरा, आणि सावलीच्या अंगाला हेझलनटची झाडं. माती पांढुरकी, चुन्याची आणि चिकणमातीची. आपल्या तांबड्या जांभ्यावर वाढलेल्या माणसाला ती नापीक वाटते. यजमानांनी खाली बसून चिमूट उचलली, बोटांत चोळून पाहिली आणि “हय काजू पण नाय जगाचो” असा दाखला देऊन टाकला.

आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. ट्रॅक्टरमागे क्रेट भरभरून वर गावात येत होते. बार्बारेस्को म्हणजे सहा-सातशे वस्तीचं गाव: एक मुख्य रस्ता, टोकाला जुना मनोरा, त्याच्या खाली दूरवर तानारो नदी. जुन्या सान दोनातो चर्चमध्ये आता पूजा होत नाही, आसपासच्या उत्पादकांच्या बाटल्या मांडलेल्या आहेत. देवळाच्या गाभाऱ्यात दारूचं दुकान, म्हणून मला आत जाताना जरा चोरट्यासारखं झालं. बाकी कुणाला काही वाटत नव्हतं.

आता संस्थेबद्दल, कारण मला या बाटलीत सगळ्यात जास्त रस तिथे वाटला.

या गावातल्या नेब्बिओलोला स्वतःचं नाव मिळवून दिलं दोमित्सिओ काव्हात्सा नावाच्या गृहस्थांनी. ते आल्बाच्या वाइनशाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी १८९४ मध्ये नऊ मळेवाल्यांना एकत्र करून आपल्या गढीत पहिली सहकारी वाइनरी काढली. तोवर इथली द्राक्षं बरीचशी बारोलो, म्हणजे याच द्राक्षाची शेजारची नावाजलेली वाइन, करणाऱ्यांना विकली जात आणि नावही बारोलोचं होई. ती संस्था फॅसिस्ट राजवटीच्या काळात बंद पडली. मग १९५८ मध्ये गावच्या पाद्र्याने, फिओरीनो मारेंगो यांनी, एकोणीस लहान शेतकऱ्यांना बसवून पुन्हा संस्था उभी केली. लहान शेतकऱ्याचं गाव सोडून शहरात जाणं थांबवायचं तर त्याच्या द्राक्षाला धड भाव मिळायला हवा, एवढाच त्यांचा हिशेब. पहिले तीन हंगाम वाइन चर्चच्या तळघरात तयार झाली. नंतर चौकाच्या पलीकडे वाइनरी बांधली. आजही ती तिथेच आहे.

आज पन्नासेक कुटुंबं सभासद आहेत आणि मिळून शंभर हेक्टरच्या वर मळे. वाइन फक्त नेब्बिओलोची, दुसरं द्राक्ष नाही. भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, द्राक्षाच्या दर्जावर ठरतो. आपल्याकडे आंब्याची पेटी वाशीला चढली की बागायतदाराचं नाव मागे राहतं आणि पट्टी येईल ती खरी, हे ज्यांनी भोगलंय त्यांना यातली मेख चटकन कळेल. यांच्या रिझर्वा बाटलीवर मळ्याचं नाव असतं, एकूण किती बाटल्या निघाल्या तो आकडा असतो आणि त्या मळ्याच्या मालकांची नावंही असतात. आमच्या सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नावं असतात तशी ती एकाखाली एक पाहून यजमान खूश झाले. “आणि ह्यांच्यात कोर्टात कोण गेलो नाय?” हा त्यांचा प्रश्न लेकीने भाषांतरित करायला साफ नकार दिला.

तर वाइन. त्या तीन तऱ्हेच्या आहेत.

पहिली लांगे नेब्बिओलो. हिची द्राक्षं बहुतेक तरुण वेलींची, पिंपात काही महिनेच काढलेली, आणि लवकर पिण्यासाठी केलेली. दुसरी बार्बारेस्को. हिला कायदा लागू: द्राक्ष शंभर टक्के नेब्बिओलो, किमान २६ महिने मुरवायची, त्यातले ९ तरी लाकडात. द्राक्षं बार्बारेस्को, नेइवे, त्रेइसो या गावांच्या आणि लागूनच्या थोड्या पट्ट्यातलीच हवीत. तिसरी रिझर्वा, किमान ५० महिन्यांची. यांच्या रिझर्वा नऊ आहेत, एकेका मळ्याची एकेक: आसीली, राबाया, पोरा, मोंतेस्तेफानो, ओव्हेल्लो वगैरे. हंगाम मनासारखा नसेल तर रिझर्वा काढतच नाहीत, आणि त्या नऊ मळ्यांची द्राक्षं साध्या बार्बारेस्कोत जातात. म्हणजे ज्या साली रिझर्वा नाही त्या सालची साधी बाटली घेणाऱ्याचा फायदाच. हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

मुरवण्याची पद्धत जुनी. मोठमोठी ओकची पिंपं, माणूस आत उभा राहील एवढी, आणि वर्षानुवर्षं वापरलेली. एवढ्या मोठ्या जुन्या पिंपात वाइनला हवा हळूहळू लागते, पण लाकडाची चव उतरत नाही. याच गावच्या आंजेलो गाया यांनी छोटी, नवी, २२५ लिटरची फ्रेंच पिंपं आणली. पुढे १९८० आणि १९९०च्या दशकांत या टेकड्यांवर जुनं पिंप की नवं यावरून घराघरांत भांडणं झाली. छोट्या नव्या पिंपातून वाइनला व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास येतो. गाया यांच्या बाटल्या आमच्या ऐपतीपलीकडच्या, त्यामुळे त्यांच्यावर मत नाही. पण सहकारीवाल्यांच्या वाइनमध्ये लाकूड मध्येमध्ये करत नाही, हे मला आवडलं. मसाल्याच्या जेवणाला ते महत्त्वाचं आहे. मसाला आमच्याकडे ताटात असतो, पेल्यात आणखी नको.

परत येताना माणशी दोन लिटर आणायची मुभा, म्हणजे दोघांचे चार. त्यात पाच बाटल्या बसतात: दोन लांगे नेब्बिओलो २०२२, दोन बार्बारेस्को २०२०, आणि एक मोंतेस्तेफानोची रिझर्वा २०१९. तिथे लांगे विशीच्या घरातल्या युरोंना पडली, बार्बारेस्को तिशी ओलांडून आणि रिझर्वा पन्नाशीच्या पुढे. इथे आयातशुल्क आणि दुकानदाराचा नफा चढल्यावर हेच आकडे कुठल्या कुठे जातात.

पेल्यात ओतल्यावर पहिला धक्का रंगाचा. तांबडी वाइन म्हणजे गडद जांभळी, असं नाशिकच्या बाटल्यांनी आमच्या डोक्यात बसवलेलं. ही फिकी, आरपार दिसणारी, कडेला विटकरी झाक. “पाणी घातलंत काय?” असं दिरांनी विचारलं. मग घोट घेतला आणि गप्प झाले, कारण फिक्या रंगामागून जो तुरटपणा येतो त्याची कल्पना नसते. कच्चट बोंडू चावल्यावर घसा धरतो ना, ते टॅनिनमुळे. इथेही तेच टॅनिन, फक्त शहाण्या मापात आणि उशिरा येणारं. आधी आंबटगोड चेरी, मग आंबटपणा एकट्याने पुढे येतो आणि शेवटी हिरड्या धरतात. सासूबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. “गो बाय, ह्या तोंड आवळता,” म्हणाल्या आणि विड्याचं पान शोधायला गेल्या. सगळ्या वाइन-परीक्षणांतलं हे सर्वांत नेमकं वाक्य असावं.

वासाचं मात्र वेगळं. या द्राक्षाच्या वासाला जगभर गुलाब आणि डांबर म्हणतात. ऐकायला ओढूनताणून वाटतं, पण बार्बारेस्को उघडून तासभर ठेवल्यावर सुकलेल्या गुलाबपाकळ्या मला आपणहून सापडल्या. डांबर सापडलं यजमानांना. त्यांचं बालपण होड्यांना डांबर फासताना बघण्यात गेलंय. त्याशिवाय संत्र्याची साल, आणि तळाशी थोडी बडीशेप. लांगे नेब्बिओलोत यातलं निम्मंच: चेरी, फुलं, आणि २०२२च्या कडक उन्हाळ्याची ऊब. वाईट नाही. बुधवारच्या जेवणाला पुरे.

आता ताट.

मालवणात पाहुणा आला की मासे, म्हणून पहिली लांगे आम्ही भाबडेपणाने बांगड्याच्या तिखल्याबरोबर उघडली. तोंडात लोखंडी पळी धरल्यासारखं झालं. वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात धातूचा, शिळ्या माशाचा वास सुटतो, आणि बांगडा हा तेलाचा मासा. त्यावर तिरफळ. तिरफळाने जीभ बधिर, टॅनिनने कोरडी, मिरचीने पेटलेली. तिघांचं भांडण सोडवायला सोलकढी प्यावी तर कोकमाचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणावर चढतो आणि नारळ दोघांच्या मध्ये चिकटून बसतो. बाटली बाजूला ठेवली, जेवण उरकलं. दुसऱ्या दिवशी उरलेली वाइन काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर घेतली आणि तीच वाइन एकदम माणसांत आली. भाजलेलं खोबरं, कांदा, वाटाण्याचा मातकट स्वाद, तिखट बेताचं. त्यात तुरटपणाला धरायला काहीतरी मिळतं. शाकाहारी मंडळींनी हे जरूर करून बघावं. आंबोळी किंवा वडे सोबत हवेतच.

तिकडची माणसं मासा खातच नाहीत असं नाही, हे मी आल्बात पाहिलं. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मिठात मुरवलेल्या अँचोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातला मासा, मिठाच्या वाटेने डोंगर ओलांडून वर जायच्या. त्यातून पिएमोंतेत दोन पदार्थ घरचेच होऊन गेले: लसूण आणि तेलात विरघळवलेला गरम बाण्या काउदा, आणि पार्सली-लसणीच्या हिरव्या वाटपातल्या अँचोव्ही. आपला सुका बांगडा घाट चढून वर जातो, तोच व्यवहार. हिरव्या वाटपातला प्रकार मी दोनदा मागवला. मिरची नसूनही तोंडाला चव आली. पण त्याबरोबर वाढणाऱ्या बाईने नेब्बिओलो दिली नाही, दोल्चेत्तो आणून ठेवली. त्यांचं त्यांना कळतं.

बार्बारेस्कोचा खरा दिवस होता गटारी. श्रावण आमच्याकडे पाळतात, त्यामुळे जे काही करायचं ते आषाढ संपायच्या आत. त्या आठवड्यात सड्यावरची अळंबी रस्त्याकडेला विकायला आली होती. पावसाळ्यात काही दिवसच मिळतात, आणि भाव विचारून परत फिरलात तर दुसरं गिऱ्हाईक तयार असतं. अळंबीचं सुकं केलं, कांद्यावर, हळद-मिरचीचं नाव घेण्यापुरती आणि शेवटी ओलं खोबरं चिमूटभर. दुसऱ्या चुलीवर मटण; त्यात मिरची नेहमीच्या निम्मी, दगडफूल आणि बडीशेप नेहमीएवढी, खोबरं चांगलं काळसर भाजलेलं. मिरची कमी का, तर तिखटाने अल्कोहोल जाळायला लागतं आणि या वाइनमध्ये ते चौदा टक्क्यांच्या घरात आहे. बाटली दुपारीच उघडून ठेवली होती.

मटणाबरोबर ती चांगली लागणार हा अंदाज होताच. चरबी आणि मांस टॅनिनला कामाला लावतात, हिरड्या मोकळ्या राहतात. दगडफुलाचा रानटी वास आणि वाइनमधला डांबराचा वास एकमेकांना ओळखत असावेत. पण अळंबीने मला चकित केलं. पिएमोंतेवाले नेब्बिओलोबरोबर पांढरी ट्रफल (जमिनीखाली वाढणारी, वासाची अळंबी) आणि रानातली अळंबी खातात, हे आल्बात ऐकलं होतं. ते त्यांच्या लोण्याच्या स्वयंपाकापुरतं असेल असं मी धरून चालले होते. सड्याच्या अळंबीचा ओल्या मातीचा वास पेल्यातल्या वासात मिसळला आणि वाइनचा आंबटपणा खोबऱ्याच्या स्निग्धपणाला कापत गेला. दीर पुन्हा पाण्याचं काही बोलले नाहीत. यजमानांचा शेरा: “मटणाक चलात, अळम्यांक धावात.” मी मटण निम्मंच खाल्लं आणि अळंब्यांवर बसले.

कोंबडी-वड्यांबरोबर दुसरी बार्बारेस्को उघडली, ती ठीक. गावठी कोंबडी असेल तर ठीकच्या वर. ब्रॉयलर या वाइनपुढे उभी राहत नाही.

रिझर्वाबद्दल थोडक्यात. मोंतेस्तेफानो हा या नऊ मळ्यांतला दणकट समजला जातो, आणि २०१९चं साल लांब टिकणारं. लेक सुट्टीला आली म्हणून उघडली. पहिल्या संध्याकाळी बंद दारासारखी: वास आत, तुरटपणा बाहेर. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी पुष्कळ मोकळी झाली आणि मागून ज्येष्ठमध, तंबाखू असं काय काय आलं. चांगली आहे यात शंका नाही. पण ही दहा-पंधरा वर्षं बारा-चौदा अंशांवर निजवून ठेवायची वस्तू. आमच्या माळ्यावर एप्रिलात भाकरी भाजेल, आणि जुलैत लेबलावर बुरशी धरते. वीज जाते ती वेगळी. वाइनचा खास फ्रिज घेण्याइतकं प्रेम अजून जडलेलं नाही.

ही वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, असं कुणी सांगितलं तर ती खोली पिएमोंतेतली समजा. कोकणातल्या तीस अंशांच्या खोलीत तिचं नुसतं अल्कोहोल नाकात जातं. सोळा-अठरा अंश हवेत. भाजीच्या कप्प्यातून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवली की जमतं. पेला मोठ्या पोटाचा घ्या, सरबताच्या काचेच्या ग्लासात वास कोंडतो. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटली ठेवू नका. मुंबईच्या एका दुकानातून मी मागे दुसरीच एक इटालियन बाटली आणली होती; बूच वर सरकलेलं, आत शिजलेल्या मनुकांची चव. दुकानात एसी आहे की नुसता पंखा, हे मी आता किंमत विचारायच्या आधी बघते.

आपल्याकडे ही मिळते का? मुंबईत आयात बाटल्या ठेवणाऱ्या मोठ्या दुकानांत बार्बारेस्को दिसते, याच संस्थेची दिसेल असं नाही. गोव्याहून आणायचं मनात असेल तर इन्सुलीचा नाका आहे, आणि नाक्यावर परवाना-कागद दाखवताना बाटलीचा इतिहास कुणी ऐकून घेत नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तिकडून येणारं माणूस.

आमची लेक मे महिन्यात येते आहे. तिच्या दोन लिटरांत दोन साध्या बार्बारेस्को सांगितल्या आहेत, साल तिला जे मिळेल ते. उरलेल्या अर्ध्या लिटराचं काय करायचं ते तिचं तिने बघावं.